गादा जाळ्यावर का येतो? आणि इंजिनाच्या आवाजात त्याचं काय होतं?

पावसाळी बंदी उठली की आपल्या किनाऱ्यावर दोन धंदे एकाच वेळी सुरू होतात. एक मासेमारीचा, दुसरा पर्यटनाचा. आणि दोन्ही धंद्यांत एकाच प्राण्याचं नाव निघतं, डॉल्फिनचं. आपल्याकडं त्याला गादा म्हणतात. पहाटे जाळी ओढणारा मच्छीमार त्याच्या नावानं बोटं मोडतो, "गादो इलो, जाळी फाडल्यान." त्याच सकाळी तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना "चला, डॉल्फिन दाखवतो" म्हणून होडीत बसवलं जातं. एकाचं नुकसान तो करतो, दुसऱ्याची कमाई तो करून देतो. एकाच घरातला एक भाऊ जाळ्यावर आणि दुसरा पर्यटकांच्या होडीवर, असंही आपल्या गावांत आहे.

या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एक तिसरी गोष्ट आहे, तिच्याकडं आपलं फारसं लक्ष नाही. ती म्हणजे पाण्याखालचा आवाज. गादा जगतो तो कानावर. जाळ्यातला मासा त्याला कळतो तो आवाजानं, आणि पोर हरवलं तर आई त्याला शोधते तीही आवाजानं. त्याच पाण्यात आता आपल्या इंजिनांची संख्या वाढत चालली आहे. याचा परिणाम काय, जगात यावर काय अभ्यास झालाय आणि आपल्या हातात काय आहे, ते आज बघू.

आपला गादा नेमका कोण?

टीव्हीवर उड्या मारताना, खेळ करताना दिसतो तो बहुतेक वेळा बॉटलनोज जातीचा डॉल्फिन. आपल्या किनाऱ्याजवळ दिसणारा गादा मुख्यतः वेगळ्या जातीचा आहे. त्याला हिंदी महासागरी हम्पबॅक डॉल्फिन म्हणतात. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटासा पर, ही त्याची खूण. हा खोल समुद्रात जात नाही. साधारण २५ मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात, किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात आणि खाडीच्या तोंडाशी तो राहतो.

म्हणजे गिलनेटवाले जिथं जाळी टाकतात, रापण जिथं लागते, पर्यटकांच्या होड्या जिथं फिरतात, तोच त्याचा पट्टा. हत्तीसारखी त्याला जायला दुसरी जागा नाही. पट्ट्याच्या एका बाजूला जमीन आणि दुसऱ्या बाजूला त्याला न चालणारं खोल पाणी.

दुसरी गोष्ट, त्याची वाढ फार सावकाश होते. मादी एका वेळी एकच पिल्लू देते, गर्भ दहा-बारा महिने राहतो आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षांचं अंतर असतं. त्यामुळं गेलेला एक गादा भरून यायला वर्षं लागतात. जागतिक पातळीवर ही जात 'संकटग्रस्त' यादीत आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं.

पाण्यात डोळा कमी, कान जास्त

पावसाळ्यानंतर कर्लीच्या किंवा गडनदीच्या मुखाजवळचं पाणी आठवा. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग किती? पण आवाज मात्र पाण्यात मस्त पळतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर. म्हणजे चौपटीहून जास्त. आणि तो लांबपर्यंत पोचतो.

डॉल्फिन दोन प्रकारचे आवाज मुख्यतः वापरतो. पहिला 'टिकटिक' असा, अगदी बारीक आणि झटपट. हा आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्यावरून मासा कुठं आहे, केवढा आहे, तळ किती खोल आहे ते त्याला कळतं. तुमच्या ट्रॉलरवरचा फिशफाइंडर चालतो त्याच तत्त्वावर. फरक एवढाच की गाद्याचा फिशफाइंडर जन्मापासून डोक्यात बसवलेला आहे. यातला बराचसा आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. आपला कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, डॉल्फिनची टिकटिक १ लाख हर्ट्झच्याही वर जाते.

दुसरा आवाज शिट्टीचा. हा एकमेकांशी बोलण्यासाठी. बॉटलनोज डॉल्फिनवर यात खूप काम झालंय. त्यांच्यात प्रत्येकाची स्वतःची एक खास शिट्टी असते, जवळजवळ नावासारखी. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की एखाद्या डॉल्फिनला त्याच्याच शिट्टीची नक्कल पाण्यात ऐकवली तर तो उत्तर देतो, दुसऱ्याची ऐकवली तर तसा देत नाही. हाक मारल्यावर आपण ओ देतो, तसंच.

याशिवाय तो नुसतं ऐकतोही. ढोमा, घोळ यांच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीनं ढोलासारखा आवाज काढतात. मलेशियात जुने मच्छीमार पाण्यात डोकं घालून हा आवाज ऐकायचे आणि कुठं जाळं टाकायचं ते सांगायचे. माणसाला हे जमतं, तर गाद्याला किती सोपं असेल! अमेरिकेतल्या फ्लोरिडात बॉटलनोज डॉल्फिनवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की आवाज करणारे मासे ते नुसतं ऐकूनच हेरतात.

मग तो जाळ्यावर का येतो?

आता मुद्द्यावर येऊ. गिलनेटमध्ये अडकलेला मासा धडपडतो. त्याचा आवाज होतो. गाद्यासाठी ती जेवणाची घंटा. शिवाय जाळ्यातला मासा पळत नाही, म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. तो मासा ओढतो, मासा निघतो आणि जाळ्याला भोक पडतं. कधी अर्धा खाल्लेला मासाच हाताला लागतो.

डॉल्फिन हुशार आहे, तो बोटींनाही ओळखायला शिकतो. हाँगकाँगजवळ आपल्या गाद्याचाच जवळचा नातेवाईक, चिनी पांढरा डॉल्फिन राहतो. तिथं ट्रॉलरच्या मागं मागं फिरून मासे खाणारे डॉल्फिन वर्षानुवर्षं दिसायचे. २०१२ च्या शेवटी हाँगकाँगनं आपल्या पाण्यात ट्रॉलिंगच बंद केलं. ट्रॉलरचं इंजिन, विंचचा आवाज, जाळी खेचण्याचा आवाज हे सगळं डॉल्फिनच्या लेखी 'इथं खायला आहे' असं सांगणारं असतं. म्हणजे आपला आवाज त्याला पळवतोच असं नाही. काही आवाज त्याला बोलावतातही.

हे नातं नेहमीच भांडणाचं असतं असंही नाही. ब्राझीलमध्ये लगुना नावाचं गाव आहे. तिथं शंभरहून जास्त वर्षं मच्छीमार आणि बॉटलनोज डॉल्फिन मिळून बोयी पकडतात. माणसं कमरेएवढ्या पाण्यात पाग घेऊन उभी राहतात. डॉल्फिन बोयींचा थवा त्यांच्याकडं हाकतात आणि विशिष्ट पद्धतीनं पाण्यात बुडी मारून इशारा देतात. इशारा मिळाला की पाग पडते. गोंधळलेल्या बोयी माणसालाही मिळतात आणि डॉल्फिनलाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं हे मोजून दाखवलं, दोघांनी वेळ साधली तर दोघांचाही फायदा होतो. पण त्याच अभ्यासानं इशाराही दिला, बोयी कमी होत चालल्यात आणि ही परंपरा धोक्यात आहे. मासा कमी झाला की दोस्ती टिकत नाही. हे आपल्यालाही लागू आहे. समुद्रात मासा भरपूर असेल तर गाद्याला आपल्या जाळ्यावर यायची गरज कमी. एलईडी आणि बेकायदा पर्ससीननं बांगडा-तारली उपसून नेली, तर उरलेल्या माशासाठी छोटा मच्छीमार आणि गादा एकाच जाळ्यावर भेटणार. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली, पण ती मोडली जाते म्हणून पारंपरिक मच्छीमारांची आंदोलनं काही थांबलेली नाहीत. तेव्हा जाळं फाडणारा गादा हा आजार नाही, आजाराचं लक्षण असू शकतो.

आंगणेवाडीच्या गर्दीत हाक

आता इंजिनाच्या आवाजाकडं. आंगणेवाडीच्या जत्रेत आईचा हात सुटून पोर हरवलं, असं समजा. आई हाक मारते. पण भोवती भोंगे, गर्दी, दुकानदारांचा ओरडा. आई मोठ्यानं ओरडते, पुन्हा पुन्हा ओरडते, पूर्ण वाक्य सोडून नुसतं नाव घेते. पाण्याखाली डॉल्फिनचंही अगदी असंच होतं, आणि हे संशोधकांनी मोजलंय.

ऑस्ट्रेलियातल्या मोरेटन उपसागरात हम्पबॅक डॉल्फिनवर अभ्यास झाला, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जवळून बोट गेली की लगेच डॉल्फिनच्या शिट्ट्या वाढायच्या. आणि सगळ्यात जास्त वाढायच्या त्या ज्या कळपात आई आणि पिल्लू आहे तिथं. अर्थ सरळ आहे, बोटीच्या आवाजात आई-पिल्लाचा संपर्क तुटतो आणि बोट गेल्यावर 'कुठं आहेस' म्हणून हाका सुरू होतात.

अमेरिकेत मेरीलँडच्या किनाऱ्याजवळ समुद्रातला आवाज आणि डॉल्फिनच्या शिट्ट्या दोन्ही नोंदवल्या गेल्या. आवाज जास्त असताना शिट्ट्यांची पट्टी चढलेली आणि चाल साधी झालेली दिसली, त्यातले चढउतार कमी झाले. फोनवर रेंज नसली की आपण "हां, हां, येतंय, ठेव" एवढंच बोलतो, तसं.

आणि २०२३ मधला एक प्रयोग तर सगळं स्पष्ट करतो. फ्लोरिडातल्या एका केंद्रात डेल्टा आणि रीस नावाचे दोन डॉल्फिन आहेत. त्यांना काम दिलं, दोघांनी पाण्याखालचं आपापलं बटण एकाच वेळी, एका सेकंदाच्या आत दाबायचं. एकाला मुद्दाम उशिरा सोडायचे, त्यामुळं एकमेकांशी बोलल्याशिवाय हे जमायचं नाही. मग पाण्यात आवाज सोडला. दोघं जोरात शिट्ट्या मारू लागले, शिट्ट्या जवळजवळ दुप्पट लांबवू लागले, एकमेकांकडं तोंड वळवून पोहू लागले. एवढं करूनही यश ८५ टक्क्यांवरून ६२.५ टक्क्यांवर आलं. म्हणजे ओरडूनही पुरत नाही.

आपल्या देशातही असं काम झालंय. बिहारमध्ये भागलपूरजवळ गंगेतल्या डॉल्फिनवर भारतीय संशोधकांनी २०१९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. गंगेतला डॉल्फिन जवळपास आंधळाच, सगळा भरवसा आवाजावर. उन्हाळ्यात पाणी उथळ झालं आणि वरून बोटींची ये-जा वाढली की त्याला आपला आवाज बदलावा लागतो आणि शरीरावर ताण येतो, असं त्यात दिसलं. उथळ पाणी आणि बोटी, हे दोन्ही आपल्या किनाऱ्यालाही आहेच.

छोट्या होडीचा कितीसा आवाज?

कुणी म्हणेल, मोठी जहाजं सोडून आमच्या छोट्या होडीच्या मागं कशाला लागता? प्रश्न रास्त आहे. पण छोट्या बोटींवरही अभ्यास झालाय. उथळ पाण्यात अवघ्या पाच नॉट वेगानं जाणारी छोटी बोट ५० मीटरच्या आत आली, तर बॉटलनोज डॉल्फिनचा एकमेकांना ऐकू येण्याचा पल्ला सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतो. ही एक बोट आणि तीही हळू जाणारी. आपल्याकडं दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत एका कळपाभोवती किती होड्या जमतात आणि त्या कशा पळतात, ते तुम्ही स्वतः पाहिलं असेल.

इथं एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या, कारण उपाय त्यातच आहे. बोटीचा पाण्याखालचा बराचसा आवाज इंजिनाच्या धडधडीचा नसतो, पंख्याचा असतो. पंखा जोरात फिरला की त्याच्या पात्यांवर बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. लाखो बुडबुडे फुटण्याचा तो आवाज. वेग वाढला की हा आवाज झपाट्यानं वाढतो. पातं वाकलेलं असेल, कडा तुटलेली असेल, त्यात जाळ्याचा तुकडा अडकलेला असेल, तर कमी वेगातही आवाज होतो. म्हणजे वेग कमी ठेवणं आणि पंखा नीट ठेवणं, एवढ्यानंच खूप फरक पडतो. आणि यात तुमचं डिझेल-पेट्रोलही वाचतं.

आवाज थांबला की डॉल्फिन परत येतात, हेही दिसून आलंय. कोरोनाच्या काळात, फेब्रुवारी २०२० पासून हाँगकाँगच्या वेगवान फेरीबोटी बंद झाल्या. ज्या मार्गावर डॉल्फिन जायचे टाळत होते, तिथं ते पुन्हा दिसू लागले. प्लास्टिकचा कचरा शंभर वर्षं राहतो. आवाजाचं तसं नाही, इंजिन बंद केलं की तो त्याच क्षणी संपतो.

धंद्याचं गणित

आता पर्यटनवाल्या भावांशी दोन शब्द. डॉल्फिन दिसला नाही तर पर्यटक नाराज होतो, म्हणून आपण त्याच्या मागं जातो. आज दिसला, पैसे मिळाले. पण उद्याचं काय?

पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाची जागा आहे, डॉल्फिन पर्यटनासाठी जगभर प्रसिद्ध. तिथं डॉल्फिन दाखवणाऱ्या कंपन्या एकाच्या दोन झाल्या. संशोधकांकडं वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. त्यांना दिसलं की दोन बोटी झाल्यानंतर त्या भागातले डॉल्फिन सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथल्या सरकारनं एक परवाना कमी केला. दोनच बोटींनी हे झालं. क्रोएशियाच्या बेटांजवळही पर्यटनाच्या हंगामात बोटींचा आवाज वाढला की डॉल्फिन तो भाग सोडून जातात, असं नोंदवलं गेलंय.

ऑस्ट्रेलियात आज नियम आहेत. डॉल्फिनपासून ५० मीटरच्या आत बोट न्यायची नाही. १५० मीटरच्या आत वेग सहा नॉटच्या खाली, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटर. एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नकोत. समोरून किंवा मागून नाही, बाजूनं समांतर जायचं. पिल्लू असेल तर त्या १५० मीटरच्या हद्दीत शिरायचंच नाही.

आपल्याकडं हे पाळायला सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही. रापणीला पाळी लावायची पद्धत आपल्या आज्यांनी घालून दिली, ती कुठल्या सरकारनं शिकवली नव्हती. तशीच पाळी डॉल्फिन सफरीच्या होड्यांना लावता येईल. गावातल्या होडीवाल्यांच्या संस्थेनं ठरवलं, की एका कळपाजवळ एका वेळी दोनच होड्या, बाकीच्यांनी लांब थांबायचं, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं बसायचं, तर पर्यटकालाही जास्त मजा येते. इंजिन बंद असलं की गादा श्वास सोडतानाचा 'फुस्स' आवाज ऐकू येतो. तो आवाज ऐकलेला पर्यटक पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

पिंगर लावला तर?

गिलनेटवाले विचारतात, गाद्याला हाकलणारं यंत्र मिळतं म्हणे, ते लावू का? त्याला पिंगर म्हणतात. जाळ्याला बांधायचं, ते पाण्यात ठरावीक आवाज करत राहतं. थंड समुद्रातल्या पॉरपॉइज नावाच्या लहान प्राण्यावर त्याचा चांगला परिणाम दिसलाय. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला हम्पबॅक डॉल्फिनवर प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या वागण्यात अगदी किरकोळ फरक पडला. शिवाय डॉल्फिन हुशार, 'हा आवाज म्हणजे इथं जाळं आहे' एवढं तो शिकला तर उलट घंटाच व्हायची. त्यामुळं कुणी विकायला आलं तर लगेच पैसे घालू नका. त्यापेक्षा गाद्याचा कळप दिसला तर जाळी टाकायला थोडं थांबणं, जागा बदलणं आणि जाळी पाण्यात फार वेळ न सोडणं, हे बिनखर्चाचं आहे.

आणि राग कितीही आला तरी गाद्याला मारू नका. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात नुसतं मारणं नाही, हाकणं आणि सापळ्यात धरणंही येतं.

जाळ्यात गादा अडकला तर

पातळ नायलॉनच्या जाळ्यावरून त्याच्या टिकटिकीचा प्रतिध्वनी फार कमी येतो, त्यामुळं कधीकधी त्याला जाळं कळतच नाही. त्याला श्वासासाठी वर यावं लागतं, अडकून राहिला तर तो बुडून मरतो. म्हणून वेळ महत्त्वाची. पुढचं लक्षात ठेवा, ग्रुपवरही टाका.

- इंजिन बंद करा. आधी त्याचं डोकं पाण्याच्या वर राहील असं बघा. डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा जाळं जाऊ देऊ नका.
- शेपूट धरून ओढू नका. जाळं कापून त्याला सोडा.
- शक्य असेल तर मोबाईलवर जाळं कापतानाचे आणि सोडतानाचे फोटो, व्हिडिओ काढा.
- जाळ्याचं नुकसान भरून मिळतं. राज्य सरकारनं २०१८ च्या अखेरीस ही योजना आणली. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर जास्तीत जास्त २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं मिळून हे काम बघतात. फोटो-व्हिडिओ आणि बोटीची कागदपत्रं लागतात.
- मेलेला किंवा जखमी गादा किनाऱ्यावर दिसला तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

यात एक त्रुटी आहे आणि ती बोलून दाखवायलाच हवी. भरपाई आहे ती प्राण्याला सोडण्यासाठी जाळं कापलं तर. गादा मासा ओढून जाळं फाडून निघून गेला, तर गरीब मच्छीमाराच्या हातात त्या योजनेतून काही येत नाही. जंगलात रानडुकरानं शेत खाल्लं तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते. मग समुद्रातल्या शेताचं काय? डॉल्फिन देशाचा असेल, तर त्याच्या जेवणाचा खर्च एकट्या गिलनेटवाल्यानं का सोसायचा? हा प्रश्न मच्छीमार संस्थांनी ग्रामसभेत, तालुक्याला आणि आमदार-खासदारांसमोर लावून धरायला हवा. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून 'प्रोजेक्ट डॉल्फिन' जाहीर झाला. त्यात नदीतले आणि समुद्रातले दोन्ही डॉल्फिन आहेत. त्याचा थोडा तरी पैसा आपल्या किनाऱ्यावरच्या फाटक्या जाळ्यापर्यंत पोचायला हवा.

एवढं मात्र आपल्या हातात आजपासून आहे. पुढच्या वेळी होडी घेऊन निघालात आणि पुढ्यात गाद्याची पाठ दिसली, तर थ्रॉटल थोडा कमी करा. बरोबर छोटं पिल्लू असेल तर इंजिन बंदच करा. खाली कुणीतरी आई आपल्या पोराला हाक मारत असेल. ती हाक पोचायला दोन मिनिटं पुरतात.